चाळीस दारं

हाताला फडकं गुंडाळून धाकट्याने रेडिएटरचं झाकण अर्धा आटा सैल केलं आणि झटकन मागे सरला. वाफेचा लोट उठला, त्यामागून तपकिरी पाणी भसाभसा उसळलं आणि रस्त्यावर ओघळून गेलं. सकाळचे सात वाजले होते. ऊन अजून समोरच्या टेकडीच्या पलीकडे होतं, पण ते फार वेळ तिथे थांबणार नव्हतं.

"वॉटर पंप," तो म्हणाला.

वहिनी केबिनमधून उतरली नाही. "महिनाभर गळत होता तोच ना?"

"तोच."

तिने मान वळवून मागच्या हौद्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

धाकटा म्हणायला धाकटा. वय सेहेचाळीस, कानांवरचे केस पांढरे. पण थोरला भाऊ होता तोवर घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणत, आणि भाऊ गेल्यावरही कुणी बढती दिली नाही. ट्रक भावाचा, मधमाश्या भावाच्या. चढ लागला की कुरकुर करते म्हणून ट्रकला 'सासूबाई' हे नावसुद्धा भावानेच ठेवलेलं. मागच्या हौद्यात दोन थरांत आवळून बांधलेल्या चाळीस पेट्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या शंभरावर होत्या. मग रोग आला, मग कुणीतरी ऐन फुलोऱ्यात औषध फवारलं, आणि मग भाऊच गेला. उरलेल्या चाळीस सूर्यफुलाच्या मळ्यावर पोचून पंधरा दिवस नीट चरल्या, तर पुढच्या वर्षी धंदा राहणार होता. नाहीतर वहिनी तिच्या बहिणीकडे जाणार आणि धाकटा कुणाच्या तरी गाडीवर चाकरीला. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

माश्या हलवायच्या त्या अंधारात. दिवस मावळला, सगळ्या घरी परतल्या, की प्रत्येक पेटीच्या दाराला जाळी ठोकायची, रात्रभर गाडी हाकायची आणि ऊन तापायच्या आत नव्या जागी दारं उघडायची. गाडी चालती असेल तोवर वारा लागतो. बंद पेट्या घेऊन ती उन्हात उभी राहिली, तर आत मेण पाघळतं आणि माश्या एकीवर एक चढून गुदमरतात. हे सगळं धाकट्याला पाठ होतं. पण सासूबाईंनी रात्रीच रंग दाखवायला सुरुवात केली होती. नऊ वाजता मागचं टायर बसलं. तीन वाजता पट्टा तुटला. तो बदलताना पंपाचा दांडा लटपटतोय हे त्याच्या हाताला लागलं होतं. वहिनीला त्याने ते सांगितलं नाही. सांगून ती काय करणार होती, हे त्याने स्वतःला तेव्हाही विचारलं होतं आणि आताही विचारलं.

त्याने चढाखालच्या गावातल्या गॅरेजला फोन लावला.

"पंप आहे, जुना आहे," मेकॅनिक म्हणाला. "पण आज हातात दुसरं काम आहे. चारनंतर येतो."

"चारपर्यंत नाही जमायचं हो. गाडीत जिवंत माल आहे."

"कोंबड्या?"

"मधमाश्या."

"मग तर चारनंतरच," मेकॅनिक म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

रस्त्याच्या कडेला सावलीला झाड नव्हतं, नुसती काटेरी झुडपं आणि त्यांच्यावर बारीक पिवळी फुलं. उतारावरून खाली ओढ्याचं पाणी होतं. दोन्ही हातांत कॅन घेऊन धाकटा खाली-वर करत राहिला आणि वहिनी जाळीची टोपी घालून हौद्यात चढून पेट्यांवर पाणी शिंपडत राहिली. ताडपत्री दोन्ही बाजूंनी ताणून सावली केली, तर वारा अडला. ताडपत्री सोडली, तर ऊन आलं. पाचव्या खेपेला त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. आठव्या खेपेपासून त्याने खेपा मोजणं सोडून दिलं.

नऊच्या सुमाराला मधल्या एका पेटीचा आवाज चढला. रात्रभर एका सुरात चाललेली गुणगुण खरखरीत झाली, मग शेजारची पेटी तशीच बोलू लागली, मग तिच्या पलीकडची. धाकट्याने वाकून पाहिलं. जाळीला आतून माश्यांचा थर चिकटला होता आणि तापल्या मेणाचा गोड वास सुटला होता. त्याचा धीर सुटला. चाळीस पेट्या आपल्या डोळ्यांदेखत उकडून मरणार, आणि आपण हातात कॅन धरून बघत राहणार, असं त्याला दिसू लागलं.

"उघडतो मी," तो म्हणाला.

"अंधार पडेपर्यंत मग हलता येणार नाही," वहिनी म्हणाली.

"एरवी तरी चारच्या आधी कुठे हलतोय आपण?"

"अर्धा तास थांबू या, भावजी. पाणी मारू अजून. रस्त्यावर कुणी थांबलं तर गाडी ओढून सावलीत नेता येईल."

"दोन तासांत एक गाडी थांबलेली नाही. अर्ध्या तासात संपतील त्या."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. त्याने पटाशी घेतली. एकेका दाराची जाळी उचकटत तो गेला, खालचा थर, वरचा थर, चाळीसच्या चाळीस. माश्या धुरासारख्या बाहेर पडल्या. आधी प्रत्येकीने दाराकडे तोंड करून दोन-चार गिरक्या घेतल्या. नव्या जागी त्या तसंच करतात. घर नेमकं कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे मनाशी पक्कं केल्याशिवाय लांब जात नाहीत. मग पिवळ्या फुलांकडे, ओढ्याकडे त्यांची रीघ लागली. पेट्यांचा आवाज हळूहळू उतरला. धाकटा टायरला टेकून बसला. भाऊ गेल्यापासून त्याने एकट्याने घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि तो बरोबर ठरला म्हणून त्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

दहा वाजता मेकॅनिक मोटारसायकलवरून आला.

"ते दुसरं काम रद्द झालं," तो लांबूनच ओरडला. "म्हटलं, तुमचं उरकून टाकू. खूश ना?"

धाकटा उघड्या दारांकडे बघत राहिला. वहिनीनेच पुढे होऊन आपली जाळीची टोपी मेकॅनिकला दिली आणि स्वतः ओढणी तोंडाला गुंडाळली. मेकॅनिक स्वतःला आणि पंपाला आळीपाळीने शिव्या घालत कामाला लागला. साडेअकराला सासूबाई सुरू झाल्या. "पोचवील तुम्हाला," तो म्हणाला. "परतीचं मात्र मला विचारू नका."

तो जातो न जातो तोच मळेवाल्याचा फोन आला. वहिनीने ऐकून घेतलं. "हो," म्हणाली, मग पुन्हा "हो," आणि फोन ठेवला.

"चारपर्यंत पेट्या मळ्यात मांडलेल्या दिसल्या पाहिजेत म्हणतो. दुसरा कुणी पेट्यावाला सकाळपासून त्याच्या दारात बसलाय."

"त्याला सांगा ना, अंधार पडला की निघतो म्हणून."

"सांगितलं काल. परवाही सांगितलं होतं. दोन दिवस थांबलाय तो आपल्यासाठी." ती हौद्याजवळ गेली. "जाळ्या ठोका."

"वहिनी, निम्म्या बाहेर आहेत."

"दिसतंय मला."

"त्या परत येतील तेव्हा इथे काहीच नसेल."

"ठोका, भावजी. मळा हातचा गेला तर आतल्यांनाही खायला काही नाही. आणि त्यांच्यामागे आपल्यालाही."

त्याने हातोडी उचलली. तिने त्याला एक शब्दही लावला नव्हता, आणि म्हणून प्रत्येक खिळ्यावर त्याला सकाळचा तो अर्धा तास आठवत राहिला. अर्धा तास नाही, अडीच तास तग धरायचा होता, पण चारपर्यंत नव्हे. पायांना पिवळे पराग लागलेल्या माश्या परतत होत्या, जाळीवर आपटत होत्या, बाजूला होऊन पुन्हा आपटत होत्या. दोन त्याला डसल्या. त्याने हात मागे घेतला नाही.

एकोणचाळीस झाल्या तेव्हा वहिनीने त्याला थांबवलं. सगळ्यांत अशक्त पेटी तिने उतरवून घेतली. राणी धड होती, पण माश्या जेमतेम पोळ्याच्या दोन चौकटी भरतील एवढ्याच.

"ही इथेच राहू दे. मी बसते हिच्यापाशी."

"परतणाऱ्यांतल्या एका पेटीत किती मावणार?"

"मावतील तेवढ्या."

रस्त्यात सासूबाई आणखी एकदा तापल्या. धाकट्याने इंजिन बंद न करता उरलेलं पाणी ओतलं, देवाचं नाव घेतलं, गाडीला शिव्या दिल्या आणि पुढे निघाला. पावणेचारला तो मळ्यावर होता. गड्यांनी पेट्या मांडल्या, त्याने जाळ्या काढल्या. मळेवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दारांत चार-दोन माश्या आल्या आणि आत गेल्या.

"या तर बाहेरच पडत नाहीत," मळेवाला म्हणाला.

"नव्या जागी बुजल्यात. निघतील."

त्या निघणार नव्हत्या, निदान इतक्यात तरी नाही. आत राहिल्या होत्या त्या कोवळ्या, पिल्लांना भरवणाऱ्या. फुलांवर जायचं त्यांचं वय व्हायला अजून आठ-दहा दिवस लागणार होते. मळ्याच्या वरच्या अंगाला सूर्यफुलांच्या काही ओळींनी आत्ताच माना टाकल्या होत्या; फुलोरा तोवर थांबणार नव्हता. हे मळेवाल्याला दिसत होतं आणि धाकट्यालाही. असं होणार हे वहिनीला दुपारीच उमगलं असणार, तरीही तिने त्याला धाडलं होतं, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"परवापर्यंत बघतो," मळेवाला म्हणाला. माणूस वाईट नव्हता. मागितल्यावर त्याने आपला छोटा टेंपोही दिला.

धाकटा चढावर पोचला तेव्हा दिवस बुडायला आला होता. लांबून त्याला आधी ती माश्यांची वावटळ दिसली. ट्रक जिथे उभा होता तिथे, मोकळ्या रस्त्यावर, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर माश्यांचा एक पट्टा घोंघावत होता आणि त्याच्यावर डोक्याच्या उंचीला दुसरा. खालच्या थराच्या माश्या खाली, वरच्या थराच्या वर. ट्रकची लांबी जेवढी, तेवढीच त्या पट्ट्यांची. त्यांची दारं तिथे होती, आणि त्या तिथेच शोधत होत्या. खाली डांबरावर दमून पडलेल्यांचा सडा झाला होता.

मधोमध वहिनी उभी होती. डोक्यावर दोन्ही हातांनी पेटी धरलेली, दार पुढच्या बाजूला. मनगटं सुजली होती. दोन-चार माश्या दारातून आत जात होत्या, दहा-वीस चुकत होत्या.

त्याने टेंपो लांब थांबवला आणि चालत गेला.

"किती वेळ अशा उभ्या आहात?"

"अधूनमधून खाली ठेवते. दगड रचूनही ठेवून पाहिली, पुरेशी उंच होईना." तिचा आवाज घोगरा झाला होता. "खाली ठेवली की एकही तिकडे वळत नाही. वरच फिरत राहतात."

"बस झालं, वहिनी. आता किती जणी येणार?"

"येतायत अजून. अंधार पडेपर्यंत येतील."

ती पेटी खाली ठेवणार नव्हती. तो पुढे झाला, तिच्या हातांशेजारी त्याने आपले हात लावले आणि पेटी हळूच आपल्या डोक्यावर घेतली. ओझं तसं फार नव्हतं. तिचे हात मोकळे झाले तरी काही वेळ तसेच वर राहिले. दारासमोर जमलेल्या माश्या गोंधळल्या, पेटीच्या खालच्या फळीला धडकू लागल्या.

"जरा वाका, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही उंच पडता."

त्याने गुडघे वाकवले.

"अजून थोडं."

तो अजून वाकला. पहिली माशी दार चाचपत आत गेली, तिच्यामागून दुसरी.

"वहिनी, सकाळी मी अर्धा तास—"

"बोलू नका," ती म्हणाली. "पेटी हलते."

तो तसाच वाकून उभा राहिला.