आठ बाय सातची खोली

टेबलावर चार वह्या, सत्तावीस छापील कागद, ॲडलेड शहराचा एक नकाशा आणि दोन पासपोर्ट होते. वह्या सहादेव शेळक्यांच्या बारीक अक्षरानं काठोकाठ भरलेल्या. भूजल खात्यात एकतीस वर्षं विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी लिहिली. निवृत्तीनंतर मुलाकडे परदेशी जाऊन राहायचं ठरलं, तेव्हा ॲडलेडही त्यांनी तसंच मोजायला घेतलं. पाऊस जवळपास नगरइतकाच. मुलगा आदिनाथ आणि सून पूजा यांच्या घरापासून बसथांबा चारशे दहा मीटर. व्हिसाचा नियम बदलला की जुना खोडून तारखेसकट नवा.

तिथं दोघांना मिळणाऱ्या खोलीचं माप तेवढं चार महिने येत नव्हतं. ते आज सकाळी आदिनाथकडून मोबाईलवर आलं. आठ बाय सात.

शेळक्यांनी लगेच सावेडीच्या फ्लॅटमधला सोफा सरकवला आणि हॉलच्या फरशीवर खडूनं खोली आखली. नेवाशाहून वांगी घेऊन आलेला मेहुणा मच्छिंद्र टेपचं टोक धरून बसला.

"दाजी, दार कुठं दावलंय? का तिकडं खिडकीतनंच जात्यात?"

"टेप ढिली सोडू नको." शेळके मोबाईल लांब धरून वाचू लागले. "पलंग साडेसहा बाय तीन. बाळाचा पाळणा चार बाय अडीच. दुसरा पलंग लिहायचा राहिला वाटतं त्याचा."

"राह्यला न्हाई," स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पूजाचं बाळंतपन कार्तिकात हाय. मला एकटीला बोलावलंय. तुमचं मागनं बघू म्हनला."

"कधी म्हणाला?"

"आखाडात."

शेळक्यांनी टेबलाकडे पाहिलं. चौथी वही सगळी आखाडानंतरची होती.

"मला सांगायचं होतंस."

"रोज सकाळी चष्मा लावून बसायचा तुमी. तोंडातनं निघंना."

मच्छिंद्रनं टेप मांडीवर ठेवली. "आक्का, मग तू जानार?"

"नातवंडाचं हाय. जावंच लागंल." पदराला हात पुसत त्या थांबल्या. "पर तुला जायचं हाय का, म्हनून मला इचारलं का कुनी? त्यानं न्हाई. तीन वरसात ह्यांनीबी न्हाई."

आत कुकरची शिट्टी झाली. त्या गेल्या.

"दाजी, ऱ्हाऊ द्या आता. उठा."

"धर टोक," शेळके म्हणाले.

त्यांनी खडूनं पलंग काढला, शेजारी पाळणा. मग सगळं ओल्या फडक्यानं पुसून पलंग आडवा काढला. तेही पुसलं. पाळणा उभा करून पाहिला. गुडघे धरून आले होते. शेवटी पुन्हा पहिल्यासारखं काढून, पलंग आणि पाळण्याच्या मध्ये मोकळ्या राहिलेल्या फरशीवर त्यांनी टेप लावली. दुसऱ्या पलंगाला तीन फूट लागत होते.

दीड फूट भरलं.