मावशीची परवानगी

शनिवारी मावशी कायमची भाचीकडे राहायला जाणार होती. ठरलं होतं. निदान भाचीच्या मते तरी ठरलं होतं. तिनं मागची खोली रंगवून घेतली होती, पडदे शिवून आणले होते, आणि आज दवाखाना बंद ठेवून ती खोकी आणि चिकटपट्टी घेऊन मावशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सकाळपासून ठाण मांडून बसली होती.

भाची दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण एकटीनंच बोलत राहायची तिला वीस वर्षांची सवय. पेशंट ‘अं अं’ करतात आणि ती त्याला होकार समजते. पण जीव लावावा तर हिनंच. आई लवकर गेली, तेव्हापासून वेणी घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत तिचं सगळं मावशीनं केलं होतं. आता या वयात मावशीनं एकटीनं जिने चढायचे, हे तिला बघवत नव्हतं. दोन वर्षांत तिनं अकरा वेळा विचारलं. दहा वेळा मावशी ‘बघते, प्रयत्न करते’ म्हणाली. अकराव्यांदा ‘बरं’ म्हणाली.

“चिमे, चारपर्यंत होईल ना गं तो नीट?” मावशीनं विचारलं.

तो म्हणजे कॉम्प्युटर. मावशी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि तिच्या जुन्या मैत्रिणी दर गुरुवारी चार वाजता पडद्यावर जमायच्या. गेले दोन गुरुवार मावशीला त्यांच्यात जाताच आलं नव्हतं. मैत्रिणींची लिंक दाबली की भलतंच पान उघडायचं. काही शोधायला जावं तर ‘शोधसम्राट’ नावाचं कुणीतरी मध्ये येऊन केस वाढवायचं तेल दाखवायचं.

भाचीनं ब्राउझर उघडला आणि कपाळाला हात लावला. वरची अर्धी खिडकी पट्ट्यांनीच भरलेली. ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या सोयींच्या, म्हणजे एक्स्टेंशनच्या, यादीत चौदा नावं. कूपन मित्र, हवामान सोबती, फोटो जादूगार, आणि नुसताच ‘मदतनीस’.

“मावशी, ही धर्मशाळा कुणी उघडली?”

“मी कशाला उघडू? ते विचारतात, येऊ का. मी हो म्हणते.”

“सगळ्यांना?”

“इतकं नीट विचारतात गं. परवानगी द्या म्हणतात. तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! भाचीनं बाह्या सरसावल्या. मागे कुठली पानं उघडतायत तिकडे न बघता, एकेका नावापुढचं ‘काढा’ दाबत तिनं चौदाच्या चौदा घालवले. मुखपृष्ठ बदललं. शोधसम्राटाला सिंहासनावरून उतरवून जुनं साधं शोधयंत्र परत बसवलं. ज्या ज्या साइटना सूचना पाठवायची मुभा दिली होती, ती सगळी बंद केली. मग कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावली. मदतनीस आला त्याच दिवशी आणखी एक प्रोग्रॅम गुपचूप उतरला होता. तोही काढला आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. दात काढला आणि मूळ राहिलं तर दुखणं परत येतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“आता उघडून बघ,” असं सांगून ती स्वयंपाकघरातली भांडी खोक्यात भरायला गेली. वीस मिनिटांनी परत येते तो कूपन मित्र, जादूगार आणि मदतनीस तिघंही जागेवर हजर. येरे माझ्या मागल्या!

तिनं पुन्हा सगळं पाहिलं. प्रोग्रॅमची यादी स्वच्छ होती. सुरू होताना आपोआप चालणाऱ्या गोष्टींत काही नव्हतं. ब्राउझरच्या शॉर्टकटच्या मागे कुणी भलत्या पानाचा पत्ता चिकटवलेला नव्हता. तिच्या नाकी नऊ आले. शेवटी ती म्हणाली, “मावशी, या वेळी तू काढ. मी नुसती बघते.”

मावशीनं चष्मा सारखा केला आणि कूपन मित्राला काढलं. लगेच एक पान उघडलं. त्यावर डोळ्यांत पाणी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आमचं काही चुकलं का? आणखी एक संधी द्या ना!’

“अगंबाई,” मावशी म्हणाली आणि तिनं संधी दिली.

भाची हसून हसून खोक्यावरच बसली. “मावशी! मघाशीही तू याला…”

“तू आत गेलीस आणि मी हे उघडलं, तर अशी तीन पानं समोर आली. बंद करायला गेले, तर विचारतात, आमचं चुकलं का. आमच्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ग्राहकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. लाइन मिळणार नसेल तरी ‘प्रयत्न करते’ म्हणायचं. बत्तीस वर्षांत एकदासुद्धा मी नाही म्हटलं नाही.”

“भीड भिकेची बहीण, मावशी. ते पिल्लू खरं नाहीये. आणि खरं असतं तरी घर तुझं आहे. तुला नको असेल तर नाही म्हणायचं. समोरच्याला वाईट वाटतं, वाटू दे. त्यानं तो मरत नाही.”

मावशी पडद्याकडे वळली. मग ‘माफ करा हं’ असं मोठ्यानं म्हणत तिनं पिल्लाला घालवलं. जादूगाराच्या वेळी नुसतं ‘माफ करा’. मदतनीसाच्या वेळी काहीच बोलली नाही. तीन वेळा उघडझाप करून पाहिलं. कुणी परत आलं नाही. भाचीनं तिच्या पाठीवर थाप मारली. “जमलं की!”

मावशीनं खुर्ची फिरवली. हात मांडीवर घेतले.

“चिमे, मला तुझ्याकडे यायचं नाही.”

भाचीला आधी कळलंच नाही.

“मला माझं हे घर आवडतं. जिने चढते मी, दमते, वर आले की बरं वाटतं. तू इतक्या मायेनं विचारत होतीस, मला ‘नाही’ म्हणवेना. पण यायचं नाही मला.”

“अगं, खोली रंगवलीय मी! पडदे शिवलेत!”

“माहीत आहे.”

“मग तेव्हाच…” भाची थांबली. अकरा वेळा विचारलं होतं, आणि दहा उत्तरं मावशीनं चोख दिली होती. तिला फार वाईट वाटलं. रडूही आलं, लहानपणी शाळेच्या फाटकाशी यायचं तसंच. आणि त्यातच या म्हातारीचा असा अभिमान वाटला की तिनं उठून तिला घट्ट मिठी मारली. मावशीही रडली. “रागावलीस?” तिनं विचारलं. “थोडीशी,” भाची म्हणाली. “जाईल.”

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि चिकटपट्टी सोडवून भांडी फळीवर लावू लागली. कढई मागे की पुढे, हे तिनं या वेळी विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबली.

चार वाजता मावशीनं लिंक दाबली. मध्ये कुणी आलं नाही. पडद्यावर पाच पांढरी डोकी एकदम बोलू लागली. मागे ताटांचा आवाज ऐकून एकीनं विचारलं, “कोण आलंय गं घरी?”

“भाची,” मावशी म्हणाली. “मला न्यायला आली होती. आता जेवून जाईल.”