न खोडलेल्या ओळी

शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर मी किल्ली घ्यायला आईच्या ऑफिसात गेले, तर आई टेबलावर डोकं टेकून बसलेली. तिची कंपनी लिफ्टची सॉफ्टवेअरं करते. गिऱ्हाइकं चौदा आणि चौदांच्या चौदा तऱ्हा. हॉस्पिटलला वीज गेली की दार उघडं हवं, कागदपत्रांच्या गोदामाला बंद. म्हणून सॉफ्टवेअरंही चौदा, आणि एकात चूक सापडली की चौदा ठिकाणी ठिगळं.

यावर तोडगा म्हणून विद्यापीठातल्या एक संशोधक आल्या. औषध देत नसल्या तरी सगळे त्यांना डॉक्टरबाईच म्हणतात. सगळ्यांच्या मागण्या एका यादीत घालायच्या, मग त्यांचा प्रोग्राम हव्या त्या गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर जुळवून देणार. दोघी दोन वर्षं यावर राबत होत्या. आज पाच वाजता मोठे साहेब बघायला येणार होते. जमलं नाही तर काम बंद, आणि पहिल्या तारखेपासून आईची नोकरीही.

आणि प्रोग्राम म्हणत होता, या यादीतून एकही लिफ्ट होऊ शकत नाही.

"एकही?" मी विचारलं.

"एकही. तीनशे बारा नियम, सगळे एकमेकांच्या उरावर बसलेत," आई म्हणाली.

"याद्या तुम्हीच पाठवल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही वर्कशॉपमध्ये किती वेळा उतरलात?"

"तुम्ही तरी किती वेळा?"

दोन वर्षं एकमेकींना साखरेत घोळलेले मेल पाठवणाऱ्या या बायका. मला ऐकवेना. मी यादी उचलली आणि जिना उतरून खाली वर्कशॉपमध्ये गेले. पूर्वी दुकानात सुटे मागायलाही मी आईला पुढे करायचे. या वर्षी मला शोध लागलाय की विचारलं तर लोक सांगतात.

गिऱ्हाइकांकडे लिफ्ट बसवणाऱ्या फिटरकाकांनी वंगणाचे हात पुसून यादी घेतली. "हे असं कुणी लावलं? दाराचं दाराजवळ, दिव्याचं दिव्याजवळ?"

"डॉक्टरबाईंनी. नीटनेटकं दिसतं की."

"दिसतं गं. पण हे आमच्या वहीतून उतरवलंय, आणि वहीत खोडायचं नसतं. गिऱ्हाइकाचं मन फिरलं की नवी ओळ खाली लिहायची. खालची खरी, तिच्या विरुद्धची वरची मेली. इथं मेलेल्या आणि जित्या एका पंगतीत बसवल्यात."

"मग वर कुणाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मी काका आणि वही, दोन्ही वर नेलं. ऐकून डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "क्रम मीच मोडला," त्या म्हणाल्या. सव्वातीन वाजले होते.

मग काका वही वाचत गेले, मी यादीत त्या नियमांचे आकडे शोधत गेले, बाई मेलेल्या ओळी काढत गेल्या आणि आई प्रोग्राम चालवत गेली. वहीतलं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घाईत आईनं एक नियम दोनदा घातला. पावणेपाचला फक्त हॉस्पिटलची लिफ्ट जुळली. तेरा बाकी.

साहेब पाच मिनिटं आधीच आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. हॉस्पिटलची यादी छापून घेतली आणि काकांच्या हातात दिली. "यावर भरवसा ठेवून उद्या हॉस्पिटलात लिफ्टचं दार बसवशील?"

काकांचं बोट ओळीओळीवरून फिरू लागलं. हो म्हणा, हो म्हणा, मी मनात घोकत होते. आई त्यांच्याकडे बघत होती, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मी तिच्याकडे बघते तशी.

"नाही, साहेब."

"का?"

"एक गोष्ट यात नाही. वहीतही नाही. आम्हाला ठाऊकच असते, म्हणून कधी लिहिली नाही."

साहेबांनी यादीची घडी घातली. "दोन वर्षं झाली, बाई," ते आईला म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आता थांबू या. सोमवारी पत्र मिळेल."

ते गेले. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, एखादा पेशंट अडकला असता तर..."

"बरोबर बोललात तुम्ही," आई म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण धीर झाला नाही.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून काकांसमोर ठेवली. "कोणती गोष्ट?"

"आता काय उपयोग, बाई?"

"माहीत नाही. बसा आणि सांगा."

काका बसले. "स्ट्रेचर अर्धं आत, अर्धं बाहेर असतं ना," त्यांनी सुरुवात केली, आणि आईनं कीबोर्ड पुढे ओढला.