शकुनाचं दही

मैनेच्या काळ्या मिशांवर दही लागलेलं होतं.

तिला टेबलावर घेतलं होतं, मी भुलीचं इंजेक्शन भरत होते, तेवढ्यात ते दिसलं. मी विचारायच्या आधीच लक्ष्मणराव म्हणाले, "रात्रीपासून उपाशीच आहे. काईच नाई देलं." चोराच्या मनात चांदणं. मी सिरिंज खाली ठेवली.

लक्ष्मणराव आणि आनंदाबाई, हे नवरा-बायको नाचणगावहून आपली कुत्री घेऊन पुलगावला माझ्या दवाखान्यात आले होते. मैनेच्या स्तनाजवळ गाठ होती. ती काढायलाच हवी होती, पण आजच्या आज नाही काढली तर आभाळ कोसळणार नव्हतं.

"हे काय?" मी बोटानं दही पुसून दाखवलं.

"ते होय? शकुनाची दही-साखर. पोरीच्या परीक्षेले देतो, मंग मैनेले काऊन नाई? चमचाभर तं आहे."

"आज ऑपरेशन होणार नाही."

"गाडी करून आणलं इले. चमचाभर दह्यानं काय होते?"

काय होतं ते मी सांगितलं. भूल चढली की गिळायचं भान जातं. पोटातलं वर येतं, श्वासनळीत उतरतं आणि चांगलं धडधाकट जनावर टेबलावर गुदमरून मरतं. हे मी सगळ्यांना आधीच बजावते, आणि ऐकलं नाही म्हणून थांबले की भित्री ठरते. ठरू दे.

"तुमी भेऊन राह्यल्या," लक्ष्मणराव म्हणालेच. "दुसरा डॉक्टर आत्ता करून देते."

"न्या. पण कोणाकडे ते सांगून जा. हिनं खाल्लंय, असा फोन मी आधी करणार. तुमच्या घाईपायी हिचा जीव जाऊ देणार नाही."

त्यांनी मैनेला खाली घेतलं आणि पट्टा ओढला. मैना हलली नाही. आनंदाबाईंनी तिला कवेत धरलं होतं.

"चमचाभर नाई, बाई," त्या म्हणाल्या. "वाटीभर देलं म्या. वरून पोळी कुस्करली. उपाशी पाहवली नाई मले." मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमाले जा लागते तं जा. मैना कुठीच जात नाई."

आणि मैनेला घेऊन त्या बाकावर बसल्या. मला त्या बाईचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं परत आली. मैनेच्या मिशा कोरड्या होत्या. आनंदाबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला तशी मी भडकले.

"अजिबात नाही."

"तिले नाई. कालपासून पाहा, कण नाई देला. काम तुमचं आहे. हात करा."

त्यांनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. मी शकुन मानत नाही. तरी खाल्ली आणि हात पुन्हा धुतले.

गाठ निघाली. दुपारी मैनेनं डोळे उघडले, मान उचलली आणि माझ्यावर गुरगुरली. जीव भांड्यात पडला.

लक्ष्मणराव दारात उभे होते. हातात तोच डबा.

"डॉक्टरीणबाई, आता देऊ काय थोडं?"

"संध्याकाळी. मी सांगेन तेव्हा."

त्यांनी मैनेकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.