आठ ठोक्यांची शांतता

आमच्या क्लबच्या मागच्या बोळात मी आजवर तीन दात उचललेत. एकात चांदी भरलेली होती. दात कागदात गुंडाळायचा, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, हात धुवायचे आणि पुन्हा वाजवायला यायचं. रेकॉर्डला घाणेरडे हात लागलेले मला चालत नाहीत.

मला सगळे सुई म्हणतात, कारण मी अजून तबकड्यांवर वाजवतो. बाकीचे खिशात पेनड्राइव्ह घालून येतात. त्यांना मी डीजे म्हणत नाही, पोस्टमन म्हणतो. दुसऱ्याचं आणलं, टाकलं, निघाले. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणतो, म्हणून माझं फारसं कुणाशी पटत नाही. लोकांना काय हवंय ते लोकांना कळत नाही, हेही तोंडावर म्हणतो. फर्माईश घेऊन येणारा माणूस मला स्वयंपाक चालू असताना कढईत हात घालणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. आणि माझं सगळ्यात लाडकं मत असं, की गाण्यातली भारी जागा म्हणजे जिथे गाणं थांबतं ती. भर रंगात मी दोन्ही तबकड्या बंद करतो. आठ ठोके काही म्हणजे काही नाही. नवव्याला सगळं एकदम परत. त्या आठ ठोक्यांत चारशे माणसं श्वास धरून उभी असतात, आणि तेवढ्यापुरता मी देव असतो.

रविवारी आमच्याकडे दुपारची पार्टी असते. बाहेर ऊन आणि आत काळोख, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण दाराशी क्षणभर चाचपडतो. त्या गोंगाटात बोलणं शक्य नसतं, म्हणून बाउन्सर आणि मी टॉर्चनं बोलतो. मी एकदा मारली की समोरच्याला बाजूला करायचं. दोनदा मारली की मागे न्यायचं. त्यांनी झोत छताकडे धरला की मी आवाज वाढवायचा, म्हणजे मागचं पुढे ऐकू येत नाही. आणि काहीही झालं तरी गाणं थांबवायचं नाही. हा नियम मालकानं केलेला नाही, माझा आहे. बाटली फुटो, डोकं फुटो, नाचणाऱ्याला कळता कामा नये; कळलं की चेंगराचेंगरी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आठ वर्षं मलाही वाटत होतं.

बाउन्सरांचा मुख्य म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांना इथे मीच चिकटवलं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई सतराची. तिनं मला वाढवलं, पहिला रेकॉर्ड प्लेअरही तिनंच कुठूनसा आणून दिला. तिच्या नवऱ्यासाठी एवढं तरी करायला हवं होतं. दाजी एरवी दोन शब्दांचा माणूस. बोळात मात्र त्यांचे हात बोलायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडायचं. एकदा एका दारुड्यानं माझ्या तबकडीवर पेला सांडला. दाजींनी त्याचं नाक लोखंडी दारावर आपटलं. हाडाचा आवाज झाला आणि मी हसलो होतो.

त्या रविवारी मी माइकवरून कुणा पांढऱ्या गाडीवाल्याला गाडी काढायला सांगितलं आणि वाजवायला लागलो. तेवढ्यात एक माणूस आला. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, नखांत मात्र काळं ग्रीस.

“बायकोला घेऊन आलोय,” तो ओरडून म्हणाला. “एखादं संथ लावा ना. तिला यावर नाचता येत नाही.”

मी म्हटलं, बघू. अर्ध्या तासानं परत हजर. मी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी एका कानाला हेडफोन लावून दुसरी तबकडी पहिलीच्या लयीला आणत होतो. त्यानं माझा खांदा थोपटला. माझा हात हलला, तबकडी सरकली आणि दोन गाणी अर्ध्या ठोक्यानं चुकली. एकाच अरुंद जिन्यावरून दोन माणसं धडपडत उतरावीत तसा आवाज झाला. नाचणारे अडखळले. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

ते हसणं माझ्या मस्तकात गेलं. मी टॉर्च उचलली आणि दोनदा मारली. एकदा मारली असती तर तो बाहेर उन्हात उभा राहून बायकोची वाट बघत बसला असता. मी दोनदा मारली.

दाजी आले. त्यांनी त्याची मान बगलेत दाबली आणि माझ्या पाठीमागचा पडदा सारून त्याला बोळात ओढलं. पडद्यातूनच झोत छताकडे गेला. मी आवाज वाढवला. मग रागाच्या भरात मी असं वाजवलं की आयुष्यात तसं वाजवलं नव्हतं. तीनेक मिनिटांनी मी दोन्ही कानांवर हेडफोन चढवले, पुढचं गाणं कानात धरलं आणि बाहेरचं सगळं बंद केलं. आठ ठोके. समोर माणसं हात वर करून उड्या मारायला लागली. मला वाटलं, गेला तो फर्माईशवाला उडत.

माझं वाजवणं दर रविवारी रेकॉर्ड होतं; घरी आल्यावर ते रेकॉर्डिंग मी न ऐकताच इंटरनेटवर टाकलं. आपणच वाजवलेलं परत काय ऐकायचं, ही माझी जुनी घमेंड.

सोमवारी दाजींचा फोन आला. “तो जिन्यावरून पडला. दारू जास्त झाली होती, पाय घसरला. पोलिसांनी विचारलं तर हेच सांगायचं.”

“कितपत लागलंय?”

“शुद्धीवर नाही,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी मी स्पीकर तपासत होतो. दिवसा ट्यूबलाइटच्या उजेडात आमचा क्लब फार दरिद्री दिसतो. फरशीवर चिकट डाग, भिंतीचे पोपडे. एक बाई आत आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

“माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. रविवारी इथे पडला म्हणे. तुम्हीच वाजवत होतात ना?”

“हो.”

“तो तुम्हाला गाणं सांगायला गेला तो परत आलाच नाही. मी त्याची खुर्ची धरून बसले होते, कुणी नेऊ नये म्हणून. पंधरा वर्षं तो लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून काम करतोय. आजवर पाय घसरला नाही. तुमच्या पाच पायऱ्यांवरून कसा पडेल हो?”

“मला काय माहीत? मी वाजवत होतो,” मी म्हणालो. इतकं सफाईदार बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

“मग निदान गाणं कोणतं चालू होतं ते तरी सांगा. डॉक्टर म्हणतात, त्याला ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. त्यानं शेवटचं ते ऐकलं असेल.”

तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. “रेकॉर्डिंग आहे,” मी म्हणालो. “त्यातलं काढून देतो.”

त्यातला एखादा बरा तुकडा शोधावा म्हणून मी घरी येऊन ते उघडलं. नऊ हजार लोकांनी ऐकलं होतं. खाली अभिप्रायांची रांग लागली होती. ‘एक तास बारा मिनिटांवरचा तो ओरडा! अंगावर काटा!’ ‘कुठल्या सिनेमातून उचललाय?’ एका पोस्टमननं लिहिलं होतं, ‘सुई, मानलं तुला. तो आवाज पाठव ना, मीही वापरतो.’

मी एक तास बारा मिनिटांवर गेलो. गाणं थांबलं. पहिले दोन ठोके रिकामे गेले. मग ओलं पोतं आपटावं तसा आवाज. मग तो माणूस, “अहो, गाणंच मागितलं ना!” मग धापा टाकत दाजी, “सुईनं दोनदा मारलीय. आता सोडू होय?” मग लोखंडावर काहीतरी फुटलं. त्यावर चारशे माणसांच्या शिट्ट्या, आणि नवव्या ठोक्याला माझं गाणं, अचूक.

माइक चालू राहिला होता. पांढऱ्या गाडीवाल्यानंतर मी त्याच्या आवाजाची पट्टी खाली ओढलीच नव्हती. म्हणजे ते फक्त रेकॉर्डिंगमध्ये गेलं नव्हतं. मोठमोठ्या स्पीकरांतून अख्ख्या क्लबनं ते ऐकलं होतं, त्याच्या बायकोनंही, आणि सगळ्यांना वाटलं होतं की ते गाण्यातच आहे. नाचणाऱ्यांनी त्यालाच शिट्ट्या मारल्या होत्या. ऐकू आलं नव्हतं ते एकट्या मला. मी बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. तोंड धुताना मनात आलं, मिक्स मात्र अप्रतिम झालाय. मग माझी मलाच किळस आली. ते इंटरनेटवरून काढलं, पण त्याआधी एका मेमरी कार्डावर भरून कार्ड एका तबकडीच्या कव्हरात ठेवलं.

बुधवारी सकाळी ताईकडे गेलो. दाजी स्वयंपाकघरात टेबलाशी चहा पीत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, “आपण दोघं जाऊ. तुम्ही मारलंत, मी मारायला लावलं. सांगून टाकू.”

“कार्ड कुठंय?”

“नाही देणार.”

दाजी उठले आणि त्यांनी पंजा उघडून माझ्या डाव्या कानावर मारला. बाउन्सरांना ही जागा माहीत असते, वर खूण राहत नाही. आत काहीतरी फाटलं आणि शिट्टी सुरू झाली. दुसरा फटका त्याच कानावर. मी टेबलावरचा काचेचा जग उचलून त्यांच्या भुवईवर फोडला. त्यांच्या डोळ्यात रक्त उतरलं, पण माझा गळा त्यांनी सोडला नाही. मी त्यांच्या अंगठ्याचा चावा घेतला, कडाडून घेतला, तोंडात खारट चव आली. त्यांनी मला खाली पाडलं आणि बरगडीत लाथा घालायला सुरुवात केली.

खाली पडल्या पडल्या मला दाराच्या चौकटीतून ताई दिसली. ती मधे पडली नाही, ओरडली नाही. तिनं खिडकी लावली. मग टीव्हीचा रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. टीव्हीकडे न बघता, बटण न शोधता, नुसत्या अंगठ्यानं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून लागतो नेमका तेवढाच.

इतकं नेमकं काम आमच्या धंद्यातही वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय जमत नाही. ताईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. भर उन्हाळ्यातल्या तिच्या लांब बाह्या मला आठवल्या, ‘दाराला लागलं’ आठवलं, आणि फोनवर मागे कायम मोठ्यानं चालू असलेला टीव्हीही आठवला. मी म्हणायचो, ताई, किती मोठा ठेवतेस गं, कान जातील. अख्खी जिंदगी कानांवर काढली मी, आणि हे मला ऐकू आलं नव्हतं. बरगडीपेक्षा ते जास्त लागलं.

दाजींनी माझा फोन टाचेखाली चिरडला. “संध्याकाळपर्यंत कार्ड आणून दे,” म्हणाले आणि भुवईला रुमाल लावून टाके घालून घ्यायला निघून गेले. ताईनं माझ्या कानात कापूस कोंबला. तिची बोटं स्थिर होती.

“किती वर्षं, ताई?”

“बोलू नकोस. रक्त येतंय.”

“मी सांगितलं तर दाजी आत जातील. मीही जाईन. तू एकटी पडशील.”

तिनं टीव्ही बंद केला. “तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी कुणाच्या जिवावर होते रे?” ती म्हणाली. “जा. आत्ता जा.”

घरून मी कार्ड घेतलं, आणि एक जुना टेप आणि कॅसेट. वाटेत इस्पितळात थांबलो. ती बाई त्याच्या खाटेशी बसली होती. त्याचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं होतं. मी तिच्या हातात टेप दिला. म्हणालो, त्यानं मागितलेलं संथ गाणं आहे, कुठे तोडलेलं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. तिनं माझ्या कानाकडे बघितलं, काही विचारणार होती, पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिथेच रडलो असतो.

पोलीस ठाण्यात टेबलामागे एक बाई होती. मी कोण ते तिनं विचारलं नाही, आधी काय आणलंय ते विचारलं. तिनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मी म्हणालो, “एक तास अकरा मिनिटांपासून लावा.” मी उजवा कान पुढे केला. गाणं सुरू झालं, आणि बाईच्या हातातलं पेन टेबलावर ठोका धरायला लागलं. तिचा दोष नव्हता, मी वाजवलंच होतं तसं.

“आता थांबेल,” मी म्हणालो. “आठ ठोके. नीट ऐका.”

गाणं थांबलं. पेन थांबलं. गाणं परत सुरू झालं, पेन झालं नाही. तिनं तेवढाच तुकडा मागे नेऊन तीनदा ऐकला. मग कोरा कागद ओढला.

“मारणारा कोण ते शोधू. पण त्याला सांगणारा हा सुई कोण? तो आधी सापडायला हवा.”

मी खिशातली टॉर्च काढून टेबलावर ठेवली.

“लिहा,” मी म्हणालो. “सुई म्हणजे मी. दोनदा मारली. एकदा पुरली असती.”