धाकटीसाठी अळ्या

स्टोअरकीपरनं अळ्यांच्या खोलीत अळीचं औषध मारलं आणि वर बाहेर येऊन छाती फुगवून सांगितलं, की आता आत एक जरी अळी दिसली तर मिशी उतरवीन.

मुकादम तेव्हा ओट्यावर बसून ब्रश धूत होता. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"ती खोली कशाची आहे?"

"अळ्यांची."

"मग त्यात अळ्या नाही दिसणार तर काय दिसणार?"

"ते मला नका विचारू. वरून कागद आलाय. कमिटी यायच्या आत सगळ्या खोल्यांत फवारणी करायची. सगळ्या म्हणजे सगळ्या." त्यानं खिशातून कागद काढून दाखवला. कागदावर सही होती, शिक्का होता. कागदाची काही चूक नव्हती, आणि स्टोअरकीपरची तर जन्मात कधीच नव्हती.

आत मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या, प्रत्येक वाटीत पिठाचा गोळा आणि गोळ्यावर एकेक अळी मरून आडवी पडलेली. एका वाटीत एकच, कारण ही लष्करी अळी मोठी भांडकुदळ. दोघींना एकत्र ठेवलं की सकाळी एकच उरते, तीही जाडी झालेली. चार महिने मॅडमनी त्यांचं खाणंपिणं, ऊब, ओल सगळं स्वतः पाहिलं होतं. आता त्या नुसत्या एक वाटी हातात घेऊन बसून राहिल्या, आणि मुकादमाला त्यांच्याकडे बघवेना.

नवख्या माणसाला हे सगळं येड्यांचं काम वाटेल. केंद्र मक्याच्या संशोधनाचं. सगळं जग अळी मारायच्या मागे, आणि इथली माणसं अळ्या वाढवून, ब्रशानं उचलून, मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, नेऊन सोडणार. प्रत्येक झाडाला मोजून दहा. मग चौदा दिवसांनी वहीत गुण लिहायचे. पानं शाबूत तर एक, नुसता दांडा उरला तर नऊ. ज्या वाणाला अळीनं तोंड लावलं नाही त्याचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा अळ्या सोडायच्या.

असं करत करत आठ हंगामांत सतरा नंबरची ओळ तयार झाली होती. तिचा तुरा मुकादमानं स्वतः पिशवीत बांधला, तिच्या कणसाच्या केसांवर परागकण स्वतः झाडले, वादळात तिच्याजवळ उभा राहिला. दोन लेकी लग्न होऊन गेल्या होत्या. सतरा नंबरला तो मनातल्या मनात धाकटी म्हणायचा. पुढेपुढे मोठ्यानंही म्हणायला लागला.

आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, की या हंगामात ज्या ओळीचे गुण मिळणार नाहीत ती ओळ बंद, बी गुरांच्या खाद्यात. मका गुडघ्याला आला होता. अळ्या सोडायला हाताशी आठवडा होता आणि केंद्रात अळी औषधाला नव्हती.

"गावातून आणतो," मुकादम म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. "मिळतील?"

"मॅडम, अळीला काय तोटा? मागच्या वर्षी अख्खं गाव अळीच्या नावानं रडत होतं."

तो गावात गेला आणि वेशीवरच त्याच्या लक्षात आलं, की आपण चुकलो. वेशीवर निळी पाटी होती, वर पांढऱ्या अक्षरात 'अळीमुक्त गाव'. दोन महिन्यांपूर्वी गावाला ते बक्षीस मिळालं होतं. बक्षिसाचा फवारणी पंप चावडीत खिळ्याला टांगला होता, त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. अळीमुक्ती समितीचा अध्यक्ष होता पिठाच्या गिरणीचा मालक.

"अळी?" गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर नेल्या. "कोणत्या गावात उभे आहात, माहीत आहे ना?"

"चार पानं द्या खाल्लेली. अंडी असलेली मिळाली तर फारच बरं."

"आमच्या रानात अळी येत नाही. आली तर पाटी वाचून परत जाते."

मुकादमाला त्याच्या मागं, गिरणीच्या खिडकीतून, त्याचंच रान दिसत होतं. चाळणीसारखी पानं वाऱ्यावर हलत होती. त्यानं बोट दाखवलं, तर गिरणीवाल्यानं खिडकी लावून घेतली.

शिंप्यानं ओळखच दाखवली नाही. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर सांगितलं, की असले विषय दुकानात नकोत. एका म्हातारीच्या मक्यावर अंड्यांचे पुंजके मुकादमानं डोळ्यांनी बघितले, ती म्हणाली चुना उडालाय. दुसऱ्याच्या रानातून न विचारता न्यावं तर मुकादमाचा तो स्वभाव नव्हता. तीन दिवस तो दारोदार फिरला, आणि लोक त्याला बघून पोरांना घरात घ्यायला लागले.

तिसऱ्या संध्याकाळी तो जेवला नाही. बायको समोर येऊन बसली.

"अहो, तुम्ही मागताय म्हणून देत नाहीत."

"मग काय करू? हिसकावू?"

"मागू नका. नावं ठेवा. या गावात कुणाचं काही वाईट आहे म्हटलं, की रात्रीत चांगलं होतं."

दुसऱ्या दिवशी मुकादम न्हाव्याच्या दुकानात उरलेली अर्धी दाढी करायला बसला आणि आरशाकडे बघत सांगू लागला, की बरं झालं इथं अळी मिळाली नाही. शेजारच्या गावातून मागवली आहे. तिकडची अळी म्हणजे काय, एका दिवसात पोंगा फस्त. आपल्या गावची अळी आधीपासूनच मरतुकडी. असती तरी आमच्या धाकटीपुढं तिचं काय चाललं असतं?

शिंपी कात्री घेऊन आला होता धार लावायला, तो तसाच माघारी गेला.

अंधार पडायच्या आत मुकादमाच्या मागच्या दाराशी पहिला डबा आला. मग तेलाचा डबा, औषधाची बाटली, शाळेच्या दप्तरातली कंपासपेटी. चुनावाली म्हातारी पदराखाली पानांची जुडी घेऊन आली, प्रत्येक पानावर पुंजका. नाव लिहू नका, एवढंच प्रत्येकजण म्हणे, आणि जाता जाता, पण शेजारच्या गावापेक्षा बरी आहे ना बघा, असं विचारल्याशिवाय कुणाचा पाय निघेना. सगळ्यात शेवटी गिरणीवाला आला. त्यानं बिस्किटाचा डबा पुढं केला.

"पन्नास आहेत. निवडून. कुणाच्या ते विचारू नका."

मुकादमानं घाईत झाकण उघडून बघितलं नाही, हीच चूक झाली. सकाळी डब्यात एकच अळी होती, अंगठ्याएवढी, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिला परत पाठवायची सोय नव्हती. बाकीच्या पानांवरच्या अंड्यांतून मॅडमला हव्या तशा केसाएवढ्या अळ्या निघाल्या. मोजून, ब्रशानं उचलून, सगळ्या ओळींना सोडल्या. गिरणीवाल्याची ती एक अळी मॅडमनी नको म्हटलं तरी मुकादमानं धाकटीच्या बांधाकडच्या पहिल्या झाडावर ठेवली. कडेच्या झाडाचे गुण एरवीही धरत नसत. पण डिवचून आणलेल्या अळीला परीक्षेत बसू द्यायला हवं, असं त्याला वाटलं.

चौदा दिवस मुकादमाला झोप आली नाही. पंधराव्या दिवशी कमिटी आली. मुद्दाम लावलेली साध्या वाणाची ओळ नुसत्या दांड्यांवर उभी होती, नऊ. सोळा नंबरला सात. अठराला सहा. आणि मधे धाकटी हिरवीगार, पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी थोडी भोकं. मॅडमनी वहीत दोन लिहिलं आणि पेनाचं टोपण दोनदा खाली पाडलं. मुकादमाचे डोळे भरले. त्यानं कुणाला कळू नये म्हणून उपरण्यानं घाम पुसला.

बांधावर अख्खं गाव जमलं होतं, सहज फिरायला आल्यासारखं.

कमिटीच्या साहेबांनी वही चाळली. "अळी कुठून आणली?"

मॅडमनी मुकादमाकडे बघितलं.

"इथं जागा मोकळी आहे. अळी कोणाच्या शेतातली ते लिहावं लागतं. नाही तर चाचणी धरता येणार नाही. सतरा नंबर बंद."

मुकादम गावाकडे वळला. गाव जमिनीकडे बघू लागलं. शिंप्यानं खिशात हात घातले. म्हातारीनं पदर ओढला. नाव लिहू नका, म्हणून प्रत्येकानं सांगितलं होतं आणि मुकादमानं प्रत्येकाला शब्द दिला होता. धाकटी वाऱ्यावर हलत होती.

"आसपासच्या गावातून आणली असेल," साहेब म्हणाले. "शेजारच्या गावची अळी जबरदस्त आहे असं ऐकलंय."

"कोण म्हणतं?" गिरणीवाला पुढं आला. त्याच्या मिशीवर पीठ होतं. "लिहा. माझी अळी आहे. पन्नास दिल्या होत्या मोजून."

"तुम्ही अळीमुक्ती समितीचे अध्यक्ष ना?"

"ते वेगळं. आधी अळीचं लिहा."

मग कुणाला धरवेना. शिंपी म्हणाला, पन्नास काय घेऊन बसलात, माझ्या तेलाच्या डब्यात दोनशे होत्या. न्हाव्यानं तीनशे सांगितल्या. म्हातारी साहेबांच्या बाहीला धरून म्हणाली, माझी अंडी सगळी फुटली, एकही वाया गेलं नाही, तेवढं लिहा. स्टोअरकीपर एकटा मागं उभा होता. त्यानं खिशातला कागद काढला, बघितला आणि परत ठेवला. त्या जागेत नावं मावली नाहीत, तेव्हा साहेबांनी मागचं पान घेतलं.

दुसऱ्याच आठवड्यात गावाचं बक्षीस गेलं. पंप न्यायला माणूस आला, पण पाटी न्यायची गाडी त्याच्याकडे नव्हती. ती गिरणीवाल्यानं स्वतः उपटली आणि खांद्यावर घेऊन केंद्रात आणली. 'गाव' एवढं त्यानं पिठाच्या खळीनं कागद चिकटवून झाकलं होतं. धाकटीच्या ओळीच्या तोंडाशी त्यानं ती रोवली, पायानं माती दाबली, आणि पुढच्या पेरणीला पसाभर बी मिळेल का म्हणून विचारलं. मुकादम म्हणाला, मॅडमना विचारून देतो, पहिलं तुम्हालाच.

गिरणीवाला तरी हलेना. पहिल्या झाडाच्या पोंग्यात वाकून बघत राहिला.

"माझ्या त्या एकीचं काय झालं?"

"चार दिवस उपाशी बसली. पाचव्या दिवशी उतरली आणि चालायला लागली."

"कुठं?"

"तुमच्या रानाकडं," मुकादम म्हणाला. "पाटी तेव्हा वेशीवरच होती, पण तिनं काही वाचली नाही."