वरच्या फळीवरचा साखरेचा डबा

मी पितळी साखरेचा डबा बोलतो आहे. माझे संपूर्ण नाव माझ्या पोटावर कोरलेले आहे: 'सौ. रुख्माबाई महादेवराव गावंडे, आर्वी'. वय एकेचाळीस वर्षे. रुख्माबाईंच्या संसाराचे जे वय, तेच माझे. त्यांच्या मामांनी मला आहेरात दिले.

या घरातील एकही आनंदवार्ता माझ्यावाचून पूर्ण झाली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. बारसे असो वा मुलाची नोकरी, साखर माझ्यातूनच आधी देवापुढे आणि मग शेजाऱ्यांच्या तळहातांवर गेली.

पुढे महादेवरावांना मधुमेह जडला आणि दोष माझ्या माथी आला. पाहुण्यांपुरती साखर पोटात ठेवून मला वरच्या फळीवर चढविण्यात आले. माझ्या जागी रक्तातील साखर मोजणारे यंत्र येऊन बसले. ते मला कधी रुचले नाही. तथापि ते खोटे बोलत नसे, हे मान्य केलेच पाहिजे.

महादेवराव एस.टी. आगारातून निवृत्त झालेले. कडू ते गोडावर उतारा, ही त्यांची श्रद्धा. कारल्याचा रस झाला, कडुनिंबाचा पाला झाला. मग प्रेमदास या जुन्या सोबत्याने सुचविले की बिअरही कडूच असते, शिवाय जवाची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. परंतु वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. शनिवारी दोघे पलीकडे जाऊ लागले. परतल्यावर महादेवराव भाकरी टाळीत, मधुमेहाची गोळी मात्र घेत, आणि काही वेळाने यंत्रावरील उतरलेला आकडा पत्नीस दाखवीत.

"पाह्य, कारल्यापेक्षा गुणकारी हाय."

"मंग कारलंच खा ना. त्याच्यासाठी नदी कायले ओलांडा लागते?"

आकडा खरा होता. अर्थ चुकीचा लावला जात होता.

एका शनिवारी दिवेलागणीला प्रेमदासाने त्यांना धरून आणले. पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती, तोंडाला बिअरचा वास होता. भाऊंना जरा जास्त झाली, निजू द्या, उतरेल, असे तो म्हणाला. दारूबंदीच्या गावात नवरा झिंगून आलेला शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून रुख्माबाईंनी आधी दार लावले. मग सदरा काढू गेल्या, तो घामाने चिंब; अंग मात्र गार.

"किती घेतली याईनं?"

"एकच बाटली, वहिनी. नेहमीचीच."

"अन् जेवले?"

"सकाळपासून काईच नाई. गोळी तेवढी घेतली. आकडा अजून खाली आणतो म्हणे."

एका बाटलीने माणूस असा होत नाही, हे रुख्माबाईंनी ताडले. यंत्राने अठ्ठेचाळीस दाखविले; सत्तरच्या खाली गेले की धोका. इतके दिवस ज्या उताराचे कौतुक झाले, तोच आता जिवावर उठला होता.

त्यांनी स्टूल ओढले. माझे झाकण घट्ट बसलेले. ते उलथन्याने ठोकून उघडले. महादेवराव शुद्धीवर होते, घोट गिळू शकत होते. म्हणून साखरेचे दाट पाणी त्यांच्या ओठांना लावले. पेला रिकामा झाला. काही वेळाने त्यांची नजर स्थिर झाली.

"काऊन रडून राह्यली?" त्यांनी विचारले.

रुख्माबाईंनी पदराने डोळे पुसले. लावलेले दार त्यांनी सताड उघडले. "प्रेमदास, आटो बोलाव. लोक पाह्यतीन तर पाह्यतीन. दवाखान्यात न्याचं हाय."

डॉक्टरांनी सांगितलेले रुख्माबाईंनी पुढे शेजारणींना ऐकविले, ते मीही ऐकले. बिअरने साखर आधी थोडी वाढू शकते. मात्र यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतले की साठविलेली साखर रक्तात सोडत नाही. पोट रिकामे आणि वर गोळी, मग साखर घसरतच जाते, कित्येक तासांनीही. आणि वास आला की लोक त्या माणसाला झिंगलेला समजून निजवितात.

वाचकहो, तो उतार औषधाचा नव्हे, एवढे ध्यानी ठेवा.

त्यानंतर महादेवराव बिअरसाठी पूल ओलांडून गेले नाहीत. ते वेळेवर भाकरी खातात, आणि बाहेर पडताना माझ्यातील साखरेची पुडी खिशात घेतात. मी आता खालच्या फळीवर, यंत्राच्या शेजारी असतो. चहा मात्र अजूनही बिनसाखरेचाच होतो.